पोटमास्तर

दोन बोटं स्वतःच्या पोटावर टेकवायची, मान जराशी तिरकी करायची आणि समोरच्या उतारूला विचारायचं, "पोट कुठलं?"

कर्जत स्टेशनाच्या फाटकाबाहेर बाभळीखाली उभा राहून तो माणूस दिवसातून कितीतरी वेळा हे विचारायचा. नवा उतारू गोंधळायचा. गाव विचारतात, जात विचारतात, कुणाकडं निघालात ते विचारतात. पोट कुठलं हे कुणी विचारत नाही.

मग तो समजावायचा, "माणूस गाव सोडतो, पोट सोडत नाय. तुमी आता मुंबईचे असाल. पोट कुठलं ते सांगा, म्हंजे कुठं धाडायचं ते मी सांगतो."

स्टेशनात एक मास्तर आत बसायचा, टोपी घालून. बाहेरच्या या हमालाला आम्ही पोटमास्तर म्हणायचो. त्याचं खरं नाव मला माहीत आहे, पण इथं लिहिणार नाही. ते नाव घ्यायचा माझा हक्क मीच घालवला. कसा घालवला ते सांगायलाच हे लिहायला बसलो आहे. मी शिकलो दुसरी यत्ता. अक्षर वाकडं येतं. पण जे झालं ते सरळ सांगता येतं.

आज तुम्ही कर्जतला उतरलात तर कुणाला काही विचारावं लागत नाही. गाडी थांबते, हातात वडा येतो, गाडी सुटते. बामण असो, बोहरी असो, वडा एकच. तेव्हा तसं नव्हतं. घाट चढायला गाडीच्या मागं इंजिनं लावायची, तेवढा वेळ मेलगाडी उभी. आणि खोपोलीच्या फाट्याची गाडी धरणाऱ्यांना तर दोन-दोन, तीन-तीन तास बसून राहावं लागे. खोपोलीला डोंगरावरून पाण्याचे मोठाले नळ उतरवून वीज करायचं काम निघालं होतं. त्यासाठी कुठली कुठली माणसं उतरायची. पठाण, पंजाबी सुतार, तेलंगणातले कामाठी, गोव्याचे फिटर, घाटावरचे पाथरवट. सगळ्यांना भूक लागायची आणि सगळ्यांची भूक वेगळी.

स्टेशनापासून बाजारापर्यंतचा रस्ता असा कितीसा लांब, विडी ओढून संपायच्या आत संपावा. पण त्याच्यावर काय नव्हतं? कोपऱ्यावर इराणी, संगमरवरी टेबलांचा. त्याच्या पुढं भटांचं विश्रांतिगृह. तिथं पाटावर बसायचं, तुपाची धार पडायची आणि कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. मग गुजराथ्याची वीशी, कागदासारख्या रोट्या आणि गोड डाळ. मालधक्क्याच्या मागं मुसलमानाचा भटारखाना, खिमा आणि तंदूरची रोटी. तिठ्यावर एक आगरीण टोपलीत तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन बसायची. साहेबांची खायची खोली स्टेशनाच्या आत होती. ती आम्ही बाहेरून पाहिली, पांढरा कपडा अंथरलेली. आणि बाजाराच्या तोंडाशी माझी खानावळ. कुणबी-मराठ्यांची. माझी म्हणजे माझ्या बायकोच्या हातची. वालाचं बिरडं खावं तर तिच्या हातचं, असं नेरळपर्यंत लोक म्हणायचे. मी सांगतो म्हणून नाही, लोक म्हणायचे.

हा सगळा रस्ता त्या माणसाच्या डोक्यात होता. कुणाकडं आज भात मऊ पडलाय, कुणाचा आचारी भांडून गेलाय, कुणाकडं वेळ लागतो. मेलगाडीचा उतारू आला की तो आधी इंजिनाकडं बघायचा.

"धा मिंटं हायत. इराण्याकडं जावा, आमलेट आन् पाव. भात मागू नका. भात मागितला तर गाडी गेली."

एकदा सोलापूरकडचा एक म्हातारा उतरला. सगळ्या खानावळी बघून आला आणि पायरीवर बसला. आमच्याकडं सगळीकडं तांदूळ. त्याला ज्वारीची भाकरी हवी होती. पोटमास्तरनं त्याचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि रुळाच्या कडेनं, रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगवाल्यांच्या झोपड्यांकडं चालू पडला. तिथं एका गँगवाल्याची बायको घाटावरची होती. म्हातारा परत आला तो डोळे पुसत आला. मी म्हटलं, "तिखट लागलं काय रं त्याला?" पोटमास्तर म्हणाला, "तिखट न्हवं. भाकर लागली."

आणखी एक आठवतं. लढाईवरून परतलेला एक महार शिपाई होता. छातीवर बिल्ला, पायात साहेबासारखे बूट. फाटकाबाहेर येऊन थांबला. त्या रस्त्यावर आपल्याला कुठं बसू देतील आणि कुठं अंगणात उभं करून वरून ओततील हे त्याला ठाऊक होतं. माझ्याही पडवीत वेगळ्या करवंट्या टांगलेल्या होत्या. होत्या, म्हणजे होत्या. आता नव्हत्या म्हणून काय उपयोग.

पोटमास्तरनं बोटं पोटावर टेकवली. "पोट कुठलं?"

शिपाई जरा हसला. "बसऱ्याचं. लढाईत तितंच हुतो."

"मंग तंदूरची रोटी खाल्ली असंल. या माझ्यासंगं." आणि त्याला मालधक्क्यामागं घेऊन गेला. तिथं बाकड्यावर सगळे शेजारी शेजारी बसायचे. दोघं माझ्या दारावरून गेले. मी दारातच होतो. मी हाक मारली नाही.

हमालीवर त्याचं पोट चालायचं. वाट दाखवण्याचं तो काही घेत नसे. गुजराथ्यानं एकदा सुचवून बघितलं, माणसामागं काहीतरी ठरवू. त्याला तो म्हणाला, "शेट, मंग ते बोट माझं राहील का? तुमचं हुईल." आणखी एक नेम होता त्याचा. ज्या ठिकाणी तो लोकांना धाडी, तिथं स्वतः कधी जेवत नसे. मालधक्क्याच्या सावलीत बसून फडक्यातली आपली भाकरी खायचा. जेवलो की मिंधा झालो, असं त्याचं म्हणणं. मला राग यायचा त्याचा. तो कुंभिवलीचा, मी खालापूरचा. आम्ही एकमेकांना गाववाले म्हणायचो. दुसऱ्याकडं नसशील जेवत, माझ्याकडं जेवायला काय झालं?

"माझ्या घरच्या अन्नाला नाव ठेवतोस?"

"नाव ठेवायला आधी खावं लागंल, गाववाले," असं म्हणून हसायचा.

त्याच्या अंगावर हमालाचा डगला, दंडावर पितळी बिल्ला. घरी कुणी नव्हतं. मानमोडीच्या तापात बायको आणि दोन्ही पोरं एका आठवड्यात गेली. तो ताप किती घरं पुसून गेला ते त्या वेळी जगलेल्यांनाच माहीत. ताप त्यालाही आला होता. तो तेवढा उठला. उठला आणि पुन्हा बाभळीखाली येऊन उभा राहिला. पहिल्या दिवशी त्यानं बोटं पोटावर टेकवली, पण शब्द फुटला नाही. उतारू बघत राहिला. मग फुटला.

तेव्हापासून एक मात्र नवं दिसायला लागलं. पूर्वी माणसं धाडली की तो आपल्या कामाला लागायचा. आता माणसं जेवून परत यायची तेव्हा तो फाटकाच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा आणि एकेकाकडं टक लावून बघायचा. लोकांना वाटायचं बक्षिसी मागतोय. काही जण काढून द्यायलाही जायचे. तो हात मागं घ्यायचा. आम्हाला वाटलं, घर गेलंय, माणसाची तोंडं बघून जीव रमवतो.

अशी दहा-एक वर्षं गेली. खोपोलीचं काम संपलं, नळातून पाणी पडून चाकं फिरायला लागली, लांबची माणसं आपापल्या मुलखाला गेली. रस्त्यावरची गर्दी निम्मी झाली. पण माझी खानावळ चालत होती, कारण बिरडं. आणि पोटमास्तरचं बोट. घाटाखालचं पोट म्हटलं की त्याचं बोट माझ्या दाराकडं वळायचं.

मग हिला विसर पडायला लागला.

आधी लहानसहान. पदराला बांधलेली किल्ली शोधत बसायची. मग एक दिवस बिरड्यात सालं तरंगताना दिसली. वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. यातच ते बिरडं असतं. ही वीस वर्षं सोलत आली होती, न बघता, बोलता बोलता. त्या दिवशी तिनं न सोलताच फोडणीला टाकले. कधी मीठ दोनदा पडायचं. कधी पडायचंच नाही. मी मुकाट्यानं खायचो. तिनं विचारलं, "कसं झालंय?" तर मी म्हणायचो, "रोजच्यासारखं." जिनं आयुष्यभर रांधलं तिला, तुझा हात गेला, हे कोणत्या तोंडानं सांगणार? आणि हाताखाली दुसरी बाई ठेवायची तर हिला काय म्हणून सांगायचं? मी ठरवलं, काही झालेलं नाही. मी एकदा ठरवलं की ठरवलं.

त्याच सुमारास समोर घाटावरच्या एका बाईनं नवी खानावळ काढली. पावसाळा संपेपर्यंत माझ्या लक्षात आलं की माझ्याकडं माणूस येत नाही. दारात उभं राहून बघायला लागलो. पोटमास्तरचं बोट समोर वळत होतं. एकदा, दोनदा, रोज.

मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

पण त्याच आठवड्यात एक अचंबा झाला. दुपारी गाडी गेल्यावर तो माझ्या दारात आला. डगला काढून खुंटीला लावला, पाय धुतले, आत येऊन भिंतीला टेकून बसला.

"वैनी, पान मांडा."

ही हरखली. रिकाम्या खोलीत बसून बसून तिचं तोंड उतरलं होतं. "अगं बया, भावजी! आज वाट चुकली जनू."

"वाट आजच सापडली," तो म्हणाला.

जेवला. भात दोनदा मागून घेतला. बिरड्याची वाटी बोटानं पुसून खाल्ली. उठताना म्हणाला, "आज पोट घरी आलं, वैनी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पैसे पाटाखाली ठेवून जायचा. ही सकाळपासून त्याच्या जेवणाची तयारी करायची, "भावजींना सुकट आवडती," म्हणायची. त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं. उठताना रोज तेच म्हणायचा, "पोट घरी आलं." मी कोपऱ्यात बसून बघायचो आणि जळायचो. बाहेर लोकांना समोर धाडतो आणि आत येऊन गोड बोलतो. हा काय खेळ?

एक दिवस मीठ दोनदा नाही, तीनदा पडलं असावं. मी पहिला घास तोंडात घातला आणि पडवीत जाऊन थुंकलो. परत येऊन बघतो तर हा शांतपणे जेवतोय. "वैनी, कालवण आनखी वाढा."

मला वाटलं, टिंगल चाललीय माझ्या घराची. जेवून तो हात धुवायला विहिरीवर गेला, मी मागोमाग गेलो.

"हसायला येतोस माझ्याकडं?"

तो चूळ न भरताच थांबला. "काय झालं, गाववाले?"

"कालवण मीठ-मीठ झालंय. कुत्रं तोंड लावणार नाय. आन् तू मागून खातोस?"

तो विहिरीच्या काठावर टेकला. मग म्हणाला, "मला चव कळत नाय."

"कवापास्नं?"

"मानमोडीपास्नं. ताप उतरला, शेजारनीनं पेज आनून दिली. पेज हाय का पानी हाय कळंना. म्हटलं, दुख्खानं असंल. मग मिरची खाल्ली. डोळ्यातनं पानी आलं, पन जिभंला कळलं नाय. वासबी गेला. तवापास्नं असंच."

"मंग लोकांना कसं सांगतोस, हितं जा, तितं जा?"

"परत येताना बघतो की. जेवन बरं झालेला मानूस सावकाश चालतो. घंटा झाली तरी पळत नाय. संगं बायको असली तर तिला फुडं चालू देतो. ज्याचं बिनसलं तो तोंड आंबट करून येतो, नळावर थांबून चूळ भरतो, हमालावर खेकसतो." मग म्हणाला, "चव माझ्याकडं नाय. पन तोंडं तर हायत."

मी विचारायला नको होतं. पण विचारलं. "आन् माझ्याकडनं येनारे?"

"चूळ भरत येतात, गाववाले. पावसाळ्यापास्नं."

मी काठावरची घागर उचलून विहिरीत सोडली.

"उतारू माझ्या शब्दावर जातो. त्याला कसा फसवू? पन वैनींची खोली रिकामी बघवत नाय. म्हनून मी येतो. मला काय, खारट नाय, आळनी नाय. मला तुमच्यात बसून खाल्ल्यासारखं तरी वाटतं." मग त्यानं माझ्या दंडाला हात लावला. दहा वर्षांत प्रथमच. "हे कुनाला बोलू नगंस. माझ्याजवळ दुसरं काय हाय? लोकांनी विचारायचं आन् मी सांगायचं. तेवढंच."

मी घागर भरली आणि आत गेलो. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही.

आता तुम्ही म्हणाल, असा माणूस, त्याच्या पायावर डोकं ठेवायला पाहिजे. मलाही आज तेच वाटतं. पण त्या दिवशी मला एवढंच ऐकू आलं होतं की माझ्या दारातून लोक चूळ भरत बाहेर पडतात. हे त्यानं बघितलंय. हे मला माहीत होतंच, पण ते दुसऱ्याला माहीत आहे हे सोसवेना.

शिमग्याच्या आधीची गोष्ट. खोपोलीहून मिस्त्री लोकांचा पंधरा-सोळा जणांचा जथा दुपारच्या गाडीनं उतरला. सणाला गावी निघालेले, अंगावर कोरे कपडे, मोठ्यानं हसत-बोलत. सगळे घाटाखालचेच. पोटमास्तर त्यांची गाठोडी घेऊन माझ्या दारापर्यंत आला. त्याला पोट कुठलं हे विचारायची गरजच नव्हती. त्यातला एक जण म्हणाला, "हितं वालाचं बिरडं लय भारी मिळतं म्हनं. कुठं रं ते?"

मी दारात होतो. ही आत चुलीपुढं होती. पंधरा-सोळा पानं. इतकी पानं माझ्याकडं कित्येक महिन्यांत उठली नव्हती. पोटमास्तरनं माझ्याकडं बघितलं. मग खाली जमिनीकडं बघितलं. आणि त्याचं बोट समोर गेलं.

"त्या बाईकडं जावा. आज तितंच बरं हाय."

मी पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो.

"काय रं? बिरडं माझ्याकडं मिळतं. बोट तिकडं कसं गेलं?"

"गाववाले, आत चला. मागनं बोलू."

"मागनं कशाला? हितंच बोल. चारचौघांत बोल."

"नगं," तो हळूच म्हणाला. "वैनी ऐकतील."

मी थांबलो नाही. मी मोठ्यानं बोललो, रस्त्याच्या दोन्ही टोकांना जाईल एवढ्या मोठ्यानं. "अरं, याला कसली चव कळतीय! मानमोडीपास्नं जीभ मेलीय याची. मीठ आन् साकर सारखीच लागती याला. विचारा, खोटं असंल तर सांगू दे! दहा वर्सं हा तुमाला येड्यात काढतोय. माझ्याकडं रोज जेवतो, रोज वाहवा करतो, आन् कळत काय? शेन वाढलं तरी खाईल हा!"

मिस्त्री हसले. इराणी गल्ल्यावरून उठून बाहेर आला. हमाल लोक जमले. कुणी म्हणालं, "खरं काय रं, मास्तर?" आणि तेवढ्यात मला दिसलं की तो माझ्याकडं बघतच नाही, माझ्या पाठीमागं बघतोय.

ही दारात उभी होती. हातात पळी. पळीतून थेंब पडत होते.

"भावजी," ती म्हणाली, "हे काय म्हन्तायत? तुमी रोज पोट घरी आलं म्हनायचे ते?"

त्याची दोन बोटं पोटावर गेली. सवयीनं गेली असतील. "जिभंला कळत नाय, वैनी. पोटाला कळायचं."

तिनं माझ्याकडं बघितलं. "आन् तुमी? रोजच्यासारखं म्हनायचे?"

ती आत गेली. चुलीवर पाणी ओतल्याचा आवाज आला. ते मिस्त्री समोर गेले, का इराण्याकडं गेले, मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी, दुपारची गाडी गेल्यावर, तो आला. हो, आला. डगला काढला, पाय धुतले, पायरी चढला. मी दारात उभा होतो. मी बाजूला झालो असतो तर तो आत गेला असता, भिंतीला टेकून बसला असता, पान मांडा म्हणाला असता आणि कदाचित तिनं चूल पेटवली असती. मी हललो नाही. तो ओल्या पायांनी थोडा वेळ उभा राहिला. मग डगला खांद्यावर टाकून उतरला. पायरीवर त्याच्या पायांचे ओले ठसे होते. उन्हात वाळेपर्यंत मी ते बघत होतो.

पुढं फार दिवस लागले नाहीत. उतारूनं विचारलं की मागून कुणीतरी हमाल ओरडायचा, "त्याला काय विचारता? त्याची जीभ मानमोडीत गेली!" एकानं त्याला चहात मीठ घालून दिलं. त्यानं तो सगळा प्यायला, कप परत दिला, मिशा पुसल्या. तो हसला नाही म्हणून बाकीचे जास्त हसले. एक दिवस बाभळीखाली कुणी दिसलं नाही. बिल्ला स्टेशनात परत करून गेला, एवढं कळलं.

माझी खानावळ त्याच वर्षी बंद झाली. लोक म्हणतात मंदी आली म्हणून. मंदी आलीच होती, पण माझी खानावळ मंदीनं बंद पडली नाही.

त्यानंतर मी त्याला एकदाच बघितलं. खोपोलीला काही कामासाठी गेलो होतो, परत येताना शिळफाट्याला थांबलो. तिथं तेव्हा मोटार-लॉऱ्या थांबायला लागल्या होत्या. घाट चढायच्या आधी इंजिनात पाणी भरायच्या. रस्त्याकडेला वडाखाली तो बसला होता, एका डब्यातून लॉरीत पाणी ओतायचं काम करत असावा. केस पिकले होते. एका ड्रायव्हरनं खाली उतरून त्याला विचारलं, "मामा, हितं खायला बरं कुठं मिळंल?"

मी वडाच्या पलीकडं होतो, दहा पावलांवर. त्याची बोटं पोटाकडं जातात का ते बघत राहिलो. हात मांडीवरच राहिला.

"मला चव कळत नाय, बाबा," तो म्हणाला. "दुसऱ्या कुनाला तरी इचारा."

माझे शब्द होते ते. मी रस्त्यावर ओरडलो होतो ते. आता तो स्वतःच आधी सांगून टाकत होता, दुसऱ्यानं सांगायच्या आत.

दहा पावलं. दहा पावलं चालून जायला मला काय झालं होतं? मी पागोटं नीट केलं आणि आल्या वाटेनं परत फिरलो. माफी मागायची सवय नव्हती. अजून नाही. नंतर एकदा मुद्दाम गेलो, तेव्हा वडाखाली दुसराच कुणी होता. म्हणाला, तो म्हातारा घाट चढून वर गेला, का मेला, कुणास ठाऊक.

हिचा विसर वाढत गेला. सुरुवातीला वाईट वाटायचं, मग एक दिवस कळलं की तो रस्त्यावरचा दिवसही ती विसरली आहे. चूल विझवलेली, पळीतून पडलेले थेंब, काहीच तिला आठवत नव्हतं. तेवढं बरं झालं. विसर तिला पडला. मला नाही.

शेवटी ती अंथरुणाला लागली. बोलणं थांबत आलं, पण हात थांबले नाहीत. गोधडीवर तिची बोटं चालायची. चिमटीत काहीतरी धरायची, दाबायची, साल बाजूला, दाणा बाजूला. पुन्हा चिमूट. मी शेजारी बसून बघायचो. वाल सोलत होती ती. एकही दाणा सोडत नव्हती.

एका दुपारी, लांबून गाडीची शिट्टी आली, तशी तिची बोटं थांबली.

"भावजी जेवले?"

मी आयुष्यात फार खोटं बोललेलो नाही. त्या बिरड्याला रोजच्यासारखं म्हणालो, तेवढंच.

"जेवले," मी म्हणालो. "भात दोनदा घेतला."

"बिरड्याला मीठ?"

"बरोबर हुतं."

ती वाट बघत राहिली. आणखी काहीतरी यायचं राहिलं होतं, ते तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

"उठताना म्हनाले," मी सांगितलं, "आज पोट घरी आलं."

तेव्हा तिनं मान हलवली आणि पुन्हा वाल सोलायला लागली.